इटालियन येणारा, अरबी येणारा आणि वाइन कळणारा असा एकच माणूस पुण्यात मिळेल का?

या वेळी तीन पत्रं घेतलीयेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीये, कारण त्यांचे पाहुणे फेब्रुवारीत येणारेत आणि हातात वेळ थोडा आहे.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं भोसरी एमआयडीसीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांचं युनिट आहे, आधी फक्त डेअरीच्या करायचो, आता काही वर्षं वायनरीच्या पण करतो. कूलिंग जॅकेट आणि कंट्रोलचा भाग इटलीच्या एका कंपनीबरोबर आहे. फेब्रुवारीत लेबनॉनहून तीन लोक येतायत, आमच्या टाक्या नाशिकला ऐन हंगामात चालताना बघायला, आणि त्याच वेळी इटलीचा ईनॉलॉजिस्ट, म्हणजे वाइन बनवण्यातला तज्ज्ञ, पण येतोय. त्याला इटालियन सोडून काही येत नाही, आणि लेबनॉनवाल्यांनी मेलमधे अरबी दुभाषी लागेल असं लिहिलंय. मागच्या वर्षी ऑनलाइन मीटिंगला एका एजन्सीने दोन लोक दिले होते, अरबीवाल्याचं सगळं काम हॉस्पिटलमधलं आणि इटालियनवाली मुलगी गाड्यांच्या कंपनीतली, दोघं मधे इंग्लिशमधून एकमेकांना सांगत होते. दीड तासात तो इटालियन माणूस तीनदा 'नो नो नो' म्हणाला आणि कशाला नो म्हणाला ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. वाइनमधला जाणकार इटालियन ते अरबी दुभाषी पुण्यात कुठे शोधायचा?
— एक उद्योजक, भोसरी

उत्तर : दादा, आधी स्पष्ट सांगते, असा तयार माणूस पुण्यात शोधत बसू नका, दिवस वाया जातील. पुण्यात इटालियन वाढलं ते रांजणगावच्या फियाटमुळे, बारामतीच्या पियाज्जोमुळे, म्हणजे गिअरबॉक्स, वेल्डिंग, ऑडिट, पेंटशॉप हे शब्द इथल्या मुलामुलींना पाठ आहेत. आणि अरबीचं काम इथे येतं ते आखातातून आणि येमेन-इराककडून येणाऱ्या पेशंटबरोबर, नाहीतर शिकायला आलेल्या मुलांच्या कागदपत्रांचं. हे दोन रस्ते कुठेच एकत्र येत नाहीत. तुम्हाला मिळालेली दोघं कच्ची होती असं मला वाटत नाही, त्यांना आयत्या वेळी भलत्याच विषयात उभं केलं होतं एवढंच.

त्यांनी जे केलं, म्हणजे एकाने इटालियनचं इंग्लिश करायचं आणि दुसऱ्याने त्या इंग्लिशचं अरबी, त्याला आमच्या दुभाष्यांच्या कामात रिले म्हणतात आणि मोठमोठ्या परिषदांमधेही ते चालतं, त्यात वाईट काही नाही. पण पहिल्या माणसाला शब्द कळला नाही की दुसऱ्याला तो कळायची शक्यताच उरत नाही, त्यामुळे रिले करायचाच तर मधली कडी पक्की लागते.

आता तुमच्या मागणीत तीन गोष्टी एकात एक अडकल्यात, इटालियन, अरबी आणि वाइन. त्यातली वाइन ही चांगल्या दुभाष्याला तीन आठवड्यांत कामापुरती शिकवता येते, तुम्ही कागद दिलेत तर. भाषा तीन आठवड्यांत येत नाही. म्हणून शोधताना भाषेवर अडून बसा आणि वाइनच्या बाबतीत मन मोठं ठेवा. बरेच लोक उलटं करतात, वाइनचा कोर्स केलेला कुणीतरी पकडतात ज्याला थोडंफार इटालियन येतं, आणि मग सौदा बोलायची वेळ आली की घोडं अडतं.

त्याआधी एक काम करा, आजच करा. लेबनॉनला मेल टाका आणि साधं विचारा की तुमच्याकडे वायनरीत रोज कुठल्या भाषेत बोलतात. हे विचारण्यात कमीपणा काही नाही, त्यांना उलट बरं वाटेल. लेबनॉनची वाइन म्हणजे मुख्यतः बेका खोरं, आणि तिथली शातो क्सारा वायनरी 1857 साली जेझुइट पाद्र्यांनी सुरू केलेली, तेव्हापासून तिथल्या तळघरातली बोली फ्रेंच वळणाची आहे. पिंप, गाळ, मिश्रण, चाखणं या सगळ्याला तिथला माणूस अरबी वाक्यात फ्रेंच शब्द घालून बोलतो. त्यांच्या तिघांतल्या तांत्रिक माणसाला फ्रेंच चालत असेल तर टाकीसमोरचं बोलणं इटालियन-फ्रेंच दुभाष्याकडून करून घेता येईल, आणि ती जोडी भारतात मिळणं बरंच सोपं आहे, आपल्या रानडे इन्स्टिट्यूटमधून फ्रेंच शिकून बाहेर पडलेल्या तर पिढ्या आहेत. मालकाला पैशाचं आणि कराराचं बोलणं अरबीतच हवं असेल तर तेवढ्याला अरबी. उत्तर काय येतं त्यावर तुमचा निम्मा खर्च ठरेल.

आणि समजा ते म्हणाले की नाही, सगळं अरबीतच पाहिजे, तर मग बाहेर बघावं लागेल. कैरोच्या ऐन शम्स विद्यापीठात अल-अल्सुन म्हणून भाषांची फॅकल्टी आहे, तिथे इटालियनचा स्वतंत्र विभाग आहे, त्यामुळे इटालियन येणारे इजिप्शियन दुभाषी बऱ्यापैकी असतात. बैरूतमधे सेंट जोसेफ विद्यापीठात दुभाष्यांची चांगली शाळा आहे, तिथली माणसं अरबी-फ्रेंच-इंग्लिशमधे तयार असतात, काहींनी इटालियन जोडलेलं असतं. इटलीत नेपल्सचं लोरिएन्ताले आणि व्हेनिसचं का फोस्कारी इथे अरबी जुनं आहे. शिवाय ट्युनिशिया, मोरोक्को, इजिप्तमधून इटलीत गेलेल्या घरांची मुलं, जी घरी अरबी आणि शाळेत इटालियन बोलून मोठी झाली, त्यांच्यातले जे पुढे रीतसर दुभाषी झाले ते फार चांगले निघतात. कॉन्फरन्स दुभाष्यांची जागतिक संघटना एआयआयसी, 1953 पासूनची, ऑफिस जिनीव्हाला, त्यांच्या यादीत भाषेच्या जोडीप्रमाणे शोधता येतं, आणि इटलीतली अनुवादक-दुभाष्यांची संघटना एआयटीआय पण आहे. मुंबईत इंडो-इटालियन चेंबर आहे, तिथेही एक फोन करून ठेवा, तुमचा इटालियन भागीदार त्यांच्या ओळखीचा निघू शकतो.

एक मात्र नीट बघा, अरबी म्हणजे एक अरबी नाही. बातम्यांची प्रमाण अरबी सगळ्यांना कळते पण टाकीला हात लावून बोलणारा माणूस आपल्या बोलीवर येतो. मोरोक्कोची दारिजा लेबनॉनच्या माणसाला जड जाते. इजिप्तची बोली सिनेमा-मालिकांमुळे सगळीकडे समजते, ती चालेल. पण सीरिया-लेबनॉन-जॉर्डनकडची शामी बोली ज्याची मातृभाषा आहे तो मिळाला तर दुधात साखर.

माणूस मिळाला की नुसत्या बायोडेटावर जाऊ नका, वीस मिनिटं फोनवर बोला, आणि बोलताना एक-दोन गोष्टी सहज काढा. विचारा, 'एक्स्ट्रा ड्राय' प्रोसेक्को (इटलीची बुडबुड्यांची वाइन) म्हणजे जास्त कोरडी, म्हणजे कमी गोड का? नाही. ती 'ब्रूट' नावाच्या प्रकारापेक्षा गोडच असते, लिटरमागे 12 ते 17 ग्रॅम साखर, ब्रूटमधे 12 पेक्षा कमी. ज्याने अरबीत नुसतं 'फार कोरडी' म्हणून टाकलं त्याने गिऱ्हाइकाला चुकीचा माल विकला. तसंच 'अमाबिले'. एरवी इटालियनमधे तो शब्द माणसाला लावला की प्रेमळ, लाघवी, पण बाटलीवर असला की निमगोड, साखर लिटरला 12 ते 45 ग्रॅम. आणि 'मोन्तेपुल्चानो' विचाराच. ते तोस्कानातल्या एका गावाचं नाव आहे आणि वेगळ्या एका द्राक्षाचंही नाव आहे, आणि त्या गावच्या 'व्हिनो नोबिले' वाइनमधे मुख्य द्राक्ष असतं सांजोव्हेझे. (सांजोव्हेझे आपल्याकडे अकलूजलाही लावलंय, फ्रातेली वाइन्सने, इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे भाऊ-भाऊ एकत्र येऊन काढलेली कंपनी, फ्रातेली म्हणजेच भाऊ. तुमच्या ईनॉलॉजिस्टला हे सांगा, गप्पांना सुरुवात होईल.) ही उत्तरं त्याला आली नाहीत तरी हरकत नाही. 'मला माहीत नाही, बघून सांगतो' म्हणणारा माणूस मी डोळे झाकून घेईन, ठोकून देणारा नको.

वजनमापांचं तर मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी एका ऑनलाइन बोलणीत मी इटालियनमधून इंग्लिश करत होते आणि कैरोचे एक सहकारी पुढे अरबी करत होते. इटालियन शेतकरी म्हणाला हेक्टरी नव्वद क्विन्ताली, मी नव्वद क्विंटल म्हटलं, त्यांनी किंतार म्हटलं. शब्द मुळात एकच आहे, इटालियन क्विन्ताले आणि आपला क्विंटल दोन्ही त्या अरबी किंतारवरूनच आलेत. पण इटलीत आणि आपल्याकडे तो 100 किलो, आणि इजिप्तचा किंतार साधारण 45 किलोचा. समोरच्या खरेदीदाराने नऊ टनांचे चार टन धरले आणि पुढचा अर्धा तास भावावरून दोन्ही बाजू एकमेकांवर चिडत राहिल्या, खोटं कुणीच बोलत नव्हतं. चूक माझी होती, किलोत सांगायला हवं होतं. शाम भागातला जुना किंतार तर इजिप्तच्या पाचपटीहून मोठा, म्हणजे तुमच्या पाहुण्यांच्या डोक्यात आणखी तिसराच आकडा येऊ शकतो. म्हणून सगळे कागद किलो, लिटर आणि डिग्रीत करा. आणि दुभाष्याच्या हातात एक वही द्या, प्रत्येक आकडा लिहून दोघांना दाखवायचा. अरबीत अठ्ठावीसला 'आठ आणि वीस' म्हणतात, आपल्यासारखंच एकक आधी, इटालियनमधे वीस आधी आणि आठ नंतर. दमलेला माणूस तिथे हमखास 82 म्हणतो, आणि तुमच्या टाकीच्या तापमानात तसं झालं तर काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

वाइन शिकवायची म्हणजे काय, तर दारू पाजायची नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण अरबी दुभाष्यांमधे बरेच जण धर्मामुळे घेत नाहीत, काही जण वाइनचं काम घेतात पण चाखत नाहीत, काही जण कामच घेत नाहीत. पहिल्याच फोनला स्वच्छ सांगा की विषय वाइन आहे, टेबलावर ग्लास असतील, तुम्ही चाखायची काही गरज नाही, जमेल का. नाही म्हणाले तर आभार मानून फोन ठेवा, आग्रह करू नका. आणि कामावर असलेल्या दुभाष्याने तशीही घेऊ नये, दुपारनंतर डोकं चालत नाही.

चवीचे शब्द घरबसल्या शिकता येतात. आंबट आणि तुरट यांत गल्लत करणारे मी खूप बघितलेत, म्हणजे अॅसिड आणि टॅनिन. चिंचेचं पाणी घ्या, तोंडाला पाणी सुटतं, ते अॅसिड. कोरा चहा दहा मिनिटं उकळून घ्या, जीभ टाळूला चिकटल्यासारखी होते, हिरड्या आवळतात, ते टॅनिन. अरबीत टॅनिनसाठी 'अफ्स' शब्द आहे, मूळ अर्थ ती ओकच्या झाडावरची फळासारखी दिसणारी गाठ, म्हणजे आपल्या बाळगुटीतलं मायफळ! ज्या आजीने सहाणेवर मायफळ उगाळलंय तिला टॅनिन समजावून सांगावं लागणार नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी दुभाष्याला भोसरीला बोलवा आणि रिकाम्या टाकीसमोर उभं करा. मॅनहोल कुठला, खालचा व्हॉल्व्ह कुठला, जॅकेटमधून काय फिरतं, सॅम्पल कुठून काढतात, गाळ कुठे बसतो, बोट लावून दाखवा. गाळाला इटालियन लोक 'फेच्चा' म्हणतात, ऐकायला घाण वाटणारा शब्द आहे पण वायनरीत रोजचा आहे, दुभाषी तिथे बिचकता कामा नये. शब्दांची यादी तीन रकान्यांत करा, इटालियन, अरबी, आणि तुमच्या शॉपफ्लोअरवर जो शब्द चालतो तो. चाळीस-पन्नास शब्द पुष्कळ झाले.

नाशिकला पंप आणि चिलरचा आवाज असतो, तिथे ओरडून भाषांतर होत नाही. म्युझियममधे गाइड वापरतात तसे छोटे ट्रान्समीटर आणि कानात घालायचे रिसीव्हर भाड्याने मिळतात, ते घ्या. दिवसभर कानात सतत बोलायचं असेल तर दोन दुभाषी लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटूनपालटून, एकाकडून आठ तास करून घेतलं तर शेवटचे तीन तास फुकट. थांबून थांबून बोलणार असाल तर एकावर निभेल, पण जेवणाच्या टेबलावर त्याला जेवू द्या, तो तिथेही सगळ्यांसाठी बोलत राहतो आणि ताट तसंच राहतं.

आणि सगळ्यात आधी भाषांतर व्हायला हवं ते सुरक्षेच्या सूचनांचं. फेब्रुवारीत टाक्या आंबत असणार, एक लिटर रस आंबताना 40 लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड सुटतो, हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, वास येत नाही. टाकीत वाकून बघू नका हे वाक्य अरबीत, इटालियनमधे आणि मराठीत आधी लिहून ठेवा. इटालियन 'अनिद्रिदे कार्बोनिका' म्हणजे हा वायू आणि 'अनिद्रिदे सोल्फोरोझा' म्हणजे सल्फर डायऑक्साइड, दोन्ही नावं सारखी सुरू होतात, घाईत उलटसुलट होतात. हे यादीत पहिल्या ओळीला घ्या.

मागच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग असेल तर मला पाठवा. ते तीन 'नो' कशासाठी होते ते मी ऐकून सांगते, ते कळल्याशिवाय फेब्रुवारीची तयारी अर्धवट राहील.

प्रश्न : अरबीत वाइनला शराबच म्हणतात ना? आमच्या सासऱ्यांनी पैज लावलीये.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : पैज तशी कुणीच जिंकत नाही. अरबीत 'शराब' म्हणजे जे पितात ते, सरबत आणि औषधाचं सिरपसुद्धा, आपलं सरबत त्याच धातूतून आलंय. वाइनचा जुना, जड शब्द 'खम्र', धर्मग्रंथात आणि कायद्यात तो येतो, आणि आठव्या शतकातल्या अबू नुवासच्या कवितेतही तोच. बाटलीवर आणि व्यापारात आज 'नबीध' चालतो. भोसरीच्या दादांनी हेही वाचावं, कारण धंद्याच्या टेबलावर दुभाषी दर वाक्याला खम्र म्हणू लागला तर ऐकणाऱ्याला फतवा वाचल्यासारखं वाटतं.

अजून एक सांगते सासऱ्यांसाठी. सिसिलीच्या खाली पांतेलेरिया बेट आहे, तिथे एका द्राक्षाला 'झिबिब्बो' म्हणतात, अरबी 'झबीब' म्हणजे मनुका, त्यावरून. अरबांनी नवव्या शतकापासून सिसिली घेतली त्या काळाचा तो ठसा. तिथे हे द्राक्ष उन्हात वाळवून 'पास्सितो' नावाची गोड वाइन करतात, आपल्याकडे तासगावला शेडमधे सावलीत वाळवून बेदाणा करतात. त्या बेटावर वाऱ्यापासून वाचवायला वेल खड्ड्यात बुटकी वाढवतात, ती पद्धत 2014 साली युनेस्कोच्या यादीत गेली.

प्रश्न : ताई, मी कॅम्पमधे राहते, अरबीत बीए करतेय, शेवटचं वर्ष. इटालियन शिकायला घेतलंय मोबाइलवर. ही जोडी घेऊन काम मिळतं का? सगळे म्हणतात इटालियन म्हणजे वाइन, आणि आमच्या घरी तो विषयच नको. मला तू म्हणा प्लीज.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, तू पहिलं पत्र वाच, म्हणजे कळेल की तुझ्यासारखी माणसं किती कमी आहेत. आणि इटालियन म्हणजे वाइन हे ज्यांनी सांगितलं त्यांनी इटलीचा धंदा बघितलेला नाही. कर्राराचा संगमरवर, सास्सुओलोच्या टाइल्स, बोलोन्याकडची पॅकिंगची मशिन्स, हे सगळं अरब देशांत जातं. ट्युनिशियाचं ऑलिव्ह तेल इटलीत येतं. सिसिलीत माझारा देल व्हाल्लो नावाचं मासेमारीचं गाव आहे, तिथे ट्युनिशियन कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. आणि इटलीच्या कोर्टात, दवाखान्यात, समुद्रातून आलेल्या लोकांच्या नोंदणीच्या टेबलावर अरबी दुभाषी रोज लागतो, ते काम मनाला फार लागतं पण महत्त्वाचं आहे.

वाइनचं काम तुला नको असेल तर घेऊ नकोस, आणि ते लाजत सांगू नकोस. कामं वाटणाऱ्याला एकदा लिहून कळव की दारूचा विषय मी घेत नाही, बाकी सगळं घेते. चांगले लोक ते लक्षात ठेवतात. काम हातात घेऊन आदल्या रात्री नाही म्हणणं हे मात्र करायचं नाही, त्याने समोरच्याचं फार नुकसान होतं.

मोबाइलवरचं इटालियन सुरुवातीला ठीक आहे, पण त्याने बोलता येत नाही. कुणाकडे तरी समोर बसून शीक, आणि दोन वर्षांत बी-टू, म्हणजे मधल्याच्या वरच्या लेव्हलची परीक्षा दे. तुझी अरबी पुस्तकी असणार, माझी इटालियनही तशीच होती, तेव्हा एक बोली आत्ताच धर. आपल्याकडे येमेन, ओमान, सुदानकडची मुलं शिकायला असतात, तुझ्या वर्गातल्या मुली मिळून त्यांच्यातल्या कुणाबरोबर आठवड्यातून दोन तास गप्पा आणि बदल्यात त्यांना मराठी-हिंदी, असं ठरवून टाका, दोघांचंही भलं होतं.

सराव असा कर. इटालियन रेडिओच्या बातम्या लाव, दोन मिनिटं ऐक, बंद कर, वहीत फक्त आकडे आणि नावं लिहिलेली असू देत, आणि अरबीत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड कर. इटालियन अजून तेवढं कळत नसेल तर सहा महिने मराठी बातम्यांवर कर, मराठीतून अरबी. दुसऱ्या दिवशी ऐक, त्याच दिवशी ऐकू नकोस, आपल्याला आपलं बोलणं त्या दिवशी बरोबरच वाटतं. दिवाळीनंतरचं एखादं रेकॉर्डिंग मासिकाच्या पत्त्यावर पाठव. अरबी मला येत नाही, पण माझ्या कैरोच्या सहकाऱ्यांना मी ऐकवीन आणि त्यांनी काय सांगितलं ते तुला कळवीन.